घासलेले गळ

छत्रीबागेतल्या बाळकृष्ण ताम्हाण्यांचं सांवेर रोडवरच्या कारखान्यात एक नाव होतं: रविवारीसुद्धा काम घरी नेणारा माणूस. ते तिथे ड्राफ्ट्समन होते आणि दर रविवारी सकाळी नकाशे ठेवायची लांब नळी खांद्याला अडकवून स्कूटरवरून निघायचे. बघणाऱ्याला वाटे, बिचारा सुट्टीच्या दिवशीही साहेबाकडे नकाशे पोचवतोय. नळीत नकाशा नसायचाच. तीन तुकड्यांत सुटणारी बांबूची गळाची काठी असायची, आणि ताम्हाणे शहराबाहेरच्या कुठल्यातरी तलावावर दुपारपर्यंत पाण्याकडे बघत बसलेले असायचे.

ही लपवाछपवी नोकरी होती तोवर चालली. कारखान्यात मालकापासून हमालापर्यंत सगळे शाकाहारी. कुणाच्या डब्यात उकडलेलं अंडं दिसलं तरी शेजारचा आपला डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचा. ताम्हाणे मासे मारतात हे कळलं असतं तर नोकरी गेली नसती, पण जेवायला एकट्याला बसावं लागलं असतं, आणि त्यांना चार माणसांत बसून जेवायला आवडायचं. शिवाय आपण खोटं बोलत नाही, फक्त लोकांचा गैरसमज दूर करत नाही, असं ते स्वतःला सांगायचे. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे अशी त्यांची आयुष्यभराची समजूत होती.

घर कायस्थांचं. खापरपणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकुनी करायला आले ते इथलेच झाले. भाषेत हिंदी शिरली, पोह्यांवर शेव आली, पण पानात मासा असला की त्या दिवशी सण, हे काही सुटलं नाही. खालचे भाडेकरू नाक मुरडतात म्हणून शशिकलाबाई मासे गच्चीवर करायच्या. वेगळी शेगडी, वेगळी कढई, वेगळं उलथनं. वारा कुठून कुठे वाहतोय ते बघून फोडणी घालणारी बाई आपण एकटीच, असं त्या हसत सांगायच्या. त्या गेल्या आणि गच्चीवरची शेगडी थंड पडली. सून अस्मिता शाकाहारी घरातली, पण तिने कधी मनाई केली नव्हती. सासऱ्यांनी तिला कधी विचारलंच नाही. एक दिवस त्यांनी स्वतःच कढईला भोकं पाडली, माती भरली आणि पुदिना लावला, आणि मग वर्षभर चेहऱ्यावर असा भाव बाळगला की जणू हे सारं त्यांच्यावर लादलं गेलंय. त्यानंतर मिळालेला मासा ते तलावाच्या चौकीदाराला देऊन मोकळ्या हाताने घरी यायचे.

मुलाला, मानसला, लहानपणी एकदा सोबत नेलं होतं. गांडूळ गळाला लावताना त्याने बघितलं आणि वडिलांच्या चपलांवरच ओकला. तो विषय तिथेच संपला. उरली नात, तन्वी. दहा वर्षांची, बडबडी आणि नको तिथे हात घालणारी. एका रविवारी तिने नळीचं झाकण उघडून आत डोळा लावला आणि विचारलं, याने काय करतात. त्या दिवसापासून म्हातारा नातीच्या मागे लागला की नात म्हाताऱ्याच्या, हे घरात कुणाला सांगता आलं नसतं.

ताम्हाण्यांना घाई होती, त्याला कारण होतं. हातांना कंप सुटला होता. गळाच्या डोळ्यातून दोरा ओवायला पूर्वी श्वास घेण्याइतका वेळ लागायचा. आता दोरा सगळीकडे जायचा, फक्त भोकात जायचा नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना घरामागच्या खान नदीवर शिकवलं होतं, ती नदी आहे हे सांगावं लागत नव्हतं तेव्हा. पहिला मासा लागला त्या वेळी वडील शेजारी बसून होते. त्यांनी काठीला हात लावला नाही, तोंडातून शब्द काढला नाही, मासा काठावर आल्यावर फक्त म्हणाले, "हा तुझा." तेवढंच तन्वीला म्हणायचं होतं. एकदा. हात चालताहेत तोवर.

मराठी मंडळाच्या उन्हाळी शिबिरात तन्वीने सगळ्यांना सांगून टाकलं की माझे आजोबा फिशिंग करतात. नोकरीभर जपलेलं गुपित पोरीने चकल्या वाटाव्यात तसं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मंडळाचा उत्साही सेक्रेटरी रजत घरी हजर. श्लोक, लेझीम आणि मातीचे गणपती करून मुलं कंटाळली होती. त्याला काहीतरी नवीन हवं होतं. मंडळातल्या एका सभासदाचं शहराबाहेर फार्महाऊस होतं, तिथे मोठा तलाव होता, बस ठरलेली होती.

"काका, कॉन्सेप्ट एकदम जबरदस्त आहे," रजत म्हणाला. "फिशिंग पाहिजे. बस मच्छीला काही व्हायला नको. पेरेंट्स लोक भडकून जातात ना."

ताम्हाण्यांनी विचारलं, मासा न पकडता मासेमारी कशी शिकवायची. रजतकडे त्याचंही उत्तर होतं. गळाचं टोक घासून बोथट करायचं. मुलं काठी धरतील, कणकेचा गोळा लावतील, मासे येतील, खातील, निघून जातील. मुलांना पेशन्स शिकायला मिळेल, सगळे खूश. गांडूळ तर अजिबात नाही.

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर ताम्हाण्यांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. त्यांच्या नाकावर राग असे. पण आतल्या दारात तन्वी उभी होती आणि तिचे डोळे चमकत होते. घरातून एकट्या नातीला तलावावर नेतो म्हणायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं; इथे मंडळच नेत होतं, अस्मितानेही हसून होकार दिला होता. ते हो म्हणाले.

मग दीड महिना त्यांच्या अंगात वारं संचारलं. साठेक मुलं होती, साठेक काठ्या हव्या होत्या. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून त्यांनी बारीक बांबू आणले, पेरं तासून गुळगुळीत केली, विस्तवावर शेकून काठ्या सरळ केल्या. मोरपिसांचे देठ कापून दोऱ्याला बांधले. हा पांढरा देठ पाण्यावर उभा तरंगतो, मासा हुंगायला आला की थरथरतो आणि गळ तोंडात घेतला की गप्पकन बुडतो. गाठी तन्वीने मारल्या, कारण आजोबांच्या हाताने त्या होईनात. आणि संध्याकाळी ते कानस घेऊन गळ घासायला बसत. आधी टोक, मग टोकामागचा उलटा काटा. एकेक गळ बोथट करून बोटावर दाबून बघायचे आणि डब्यात टाकायचे. स्वतःच्या हाताने आपल्याच विद्येचे दात पाडायचं ते काम होतं, आणि त्यांना ते मनापासून अपमानास्पद वाटत होतं. तरी केलं.

एक गळ सोडून. तो त्यांनी उलट आणखी धार लावून ठेवला.

तन्वीच्या काठीला मुठीजवळ त्यांनी पितळेची चकती बसवली, म्हणजे काठी चुकायला नको. आदल्या दिवशी गच्चीवर तिला जवळ बोलावून सांगितलं, "तुझा गळ खरा आहे. कुणाला बोलू नकोस." तन्वीने मान हलवली. ती एवढी खूश झाली की रात्री जेवताना तिने एकही वायफळ प्रश्न विचारला नाही, आणि अस्मिताने तिच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते बघितलं.

शिकवण्याचा पहिला भाग मंडळाच्या हॉलमध्ये झाला. फरशीवर खडूने तलाव काढला होता आणि त्याच्या काठाला साठेक पोरं काठ्या घेऊन बसली होती. ताम्हाणे रागीट मास्तर निघाले. काठी अशी धरायची: अंगठा वर, कोपर पोटाशी, मनगट मोकळं. तरवारीसारखी नाही, झाडूसारखी नाही. देठ बुडाला की ओढायचं नाही, फक्त मनगट उचलायचं. बोलायचं नाही. पाय आपटायचे नाहीत, काठावरचा हादरा पाण्यात जातो आणि माशाला आधी कळतो. पोरांनी त्यांना मच्छीकाका नाव ठेवलं, एकमेकांच्या टोप्या गळाने उडवल्या, एकाने दुसऱ्याच्या शर्टाचं बटण पकडून "लागला, लागला" केलं. पण तासाभराने अशी एक वेळ आली की हॉलमध्ये खरंच शांतता झाली आणि साठ पोरं खडूच्या तलावाकडे टक लावून बसली. आपण हे आधी का केलं नाही, असं त्यांना वाटून गेलं, आणि त्याचं उत्तर माहीत असल्यामुळे त्यांनी शेजारच्या मुलाला उगाच दटावलं.

प्रत्यक्ष तलावावर गेल्यावर पहिली गोष्ट झाली ती ही, की मंडळाच्या अध्यक्षीणबाई कस्तुरीताई कणकेच्या गोळ्यांचं पातेलं घेऊन पुढे आल्या. आपण माशांना त्रास देणार, तर आधी त्यांना पोटभर खाऊ घालून पुण्य करू, असं त्यांनी मुलांना समजावलं. साठ जोडी हातांनी कणीक पाण्यात पडली. ताम्हाणे बघत राहिले. पोट भरलेला मासा गळाकडे कशाला येईल, हे कुणाला सांगायचं? पण झालं भलतंच. आयतं खाणं दिसल्यावर तलावातले सगळे रोहू काठाशी आले आणि पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसू लागलं. हे मासे माणसाला भीत नव्हते. ताम्हाण्यांना त्याचंही कारण ठाऊक होतं: ते विकायला पाळलेले, रोज माणसाच्या हातचं खाणारे मासे होते; हिवाळ्यात ठेकेदार जाळी लावून हा तलाव रिकामा करायचा आणि मासे टेम्पोतून बाजारात जायचे. फार्महाऊसवाला सभासद टोपी घालून मुलांचे फोटो काढत होता. ताम्हाण्यांनी मूग गिळले. त्यांना आज फक्त एक मासा हवा होता.

मुलं पाळीवर, तलावाच्या बांधावर, ओळीने बसली. हॉलमधलं सगळं शिकवणं त्यांच्या हातात आलं होतं, अंगठे वर, कोपरं पोटाशी. देठ थरथरत, बुडत, मुलं मनगट उचलत आणि रिकामा, चाटूनपुसून साफ केलेला गळ वर येई. थोडा वेळ मजा वाटली. मग कुणीतरी म्हणालं, हे तर बोर आहे, आणि ओळीतली मुलं एकेक करून काठी टाकून झोक्याकडे पळाली. जिंकता येणार नाही असा खेळ मुलांना लगेच ओळखू येतो. ताम्हाणे त्यांना अडवायला गेले नाहीत. ते तन्वीच्या शेजारी येऊन बसले.

तिचा देठ बुडाला. तिने मनगट उचललं आणि काठी अर्धवर्तुळ झाली.

"आजोबा, ओढतोय," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक आला.

"मी हात लावणार नाही. तूच आण."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मासा आत पळे, ती सोडे. मासा थके, ती मागे सरके. कुणी न सांगता तिने काठी खाली झुकवली, पायांच्या टाचा मातीत रोवल्या, आणि एक हातभर लांबीचा रोहू गवतावर येऊन पडला. तन्वी त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा ताम्हाण्यांनी असा कधी पाहिला नव्हता. मानसचाही नाही, आरशात स्वतःचाही नाही. ते शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. पण तोंड उघडेपर्यंत पोरांची झुंड येऊन धडकली.

मग नुसता गोंधळ. माशाच्या ओठातून रक्त येताना पाहून एका लहानीने गळा काढला. तिला बघून आणखी दोघी रडल्या. आया धावल्या, मोबाईल वर आले. कस्तुरीताईंनी स्वयंपाक्याकडून हळद मागवली आणि माशाच्या ओठाला लावली, घरात कुणाला खरचटल्यावर लावतात तशी, अगदी मायेने. मग मासा हातावर घेऊन त्यांनी मुलांना करुणेबद्दल दोन शब्द सांगितले. दोनाचे वीस झाले. प्रत्येकाला माशाबरोबर फोटो हवा होता. ताम्हाणे म्हणत होते, आधी पाण्यात सोडा, आधी पाण्यात सोडा, पण ते म्हणणं त्यांच्यापुरतंच राहिलं.

रजतने तन्वीचा गळ उचलला, बोटाने चाचपला आणि बोट झटकलं. रक्ताचा थेंब आला होता. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो रागावला नव्हता. त्याला प्रकरण मिटवायचं होतं.

"काका, हा एक घासायचा राहून गेला वाटतं," तो म्हणाला.

वाट त्याने स्वतःच मोकळी करून दिली होती. ताम्हाण्यांनी सभोवार पाहिलं. कालपर्यंत वाकून नमस्कार करणाऱ्या आया हाताची घडी घालून उभ्या होत्या. फार्महाऊसवाला डोळे वटारून बघत होता. ड्राफ्ट्समनच्या नोकरीत एक रेघ राहू न दिलेला माणूस म्हणाला, "हो. राहून गेला असेल."

तन्वीने झटकन त्यांच्याकडे बघितलं.

कस्तुरीताई खाली वाकल्या आणि तिच्या गालाला हात लावून त्यांनी विचारलं, "बेटा, हा मासा तू पकडलास का?"

ताम्हाण्यांचं सगळं त्या प्रश्नावर टेकलं होतं. तन्वीने पुन्हा एकदा आजोबांकडे पाहिलं, हळूच, वर्गात शेजारच्याच्या पाटीत बघावं तसं.

"नाही," ती म्हणाली. "चुकून अडकला."

पोरीने शहाणपणा केला म्हणून सगळे हसले. टाळ्यांच्या गजरात मासा पाण्यात सोडण्यात आला आणि मुलं जेवायला गेली.

बस निघायच्या आधी ताम्हाणे पाळीवरच्या काठ्या गोळा करत होते. तन्वी न सांगता मदतीला आली. पाणवनस्पतींच्या कडेला पांढरं पोट वर करून तो रोहू तरंगत होता. ओठाला अजून हळद होती. दोघांनाही तो दिसला. तन्वीने काठी लांबवून त्याला जवळ ओढलं.

"आजोबा, आपण याला घरी नेऊ या का?" तिने विचारलं. "गच्चीवर. आजी करायची तसं. पिशवीत घातला तर कुणाला दिसणार पण नाही."

ती मासा मागत नव्हती. तिने नाकारलेली गोष्ट तिला परत घ्यायची होती, आणि त्यासाठी आजोबांनी फक्त हो म्हणायचं होतं. बसचा हॉर्न वाजला. बसमध्ये साठ मुलं, त्यांच्या आया, घरी अस्मिता, कढईत पुदिना. ताम्हाण्यांच्या डोळ्यांपुढून सगळे चेहरे सरकले.

"राहू दे," ते म्हणाले. "वास येईल."

तन्वीने मासा पाण्यात परत लोटला, हात फ्रॉकला पुसले आणि बसकडे चालू लागली. येताना ती मैत्रिणींच्या शेजारी बसली.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर आला होता. अस्मिताने तो बघितला होता. तन्वी झोपायला गेल्यावर ती सासऱ्यांसमोर येऊन बसली. ताम्हाणे भांडायच्या तयारीत होते. तिने आवाज चढवला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"बाबा, तिला एकदा खरा पकडायचा होता तर मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलंय? खाणार नाही मी, पण नाही कशाला म्हटलं असतं? तिला खोटं कशाला बोलायला लावलं?"

मी नाही लावलं, असं त्यांच्या जिभेवर आलं, आणि ते खरंही होतं. त्यांनी तिला खोटं बोल असं सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त आधी स्वतः ते बोलून दाखवलं होतं. इतकी वर्षं ज्या बाईला भिऊन ते मोकळ्या हाताने घरी येत होते ती बाई समोर बसली होती आणि तिला या भीतीचा पत्ताच नव्हता. चीड आली ती कुणावर काढावी हे त्यांना कळेना. ते उठून गच्चीवर गेले आणि पुदिन्याला पाणी घालून आले.

त्यानंतर दोन रविवार त्यांनी नळी काढून दारात ठेवली. तन्वीने पहिल्यांदा अभ्यास आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा ऊन आहे म्हणून. दोन्ही वेळा तिने हे इतक्या सहज, इतक्या गोड आवाजात सांगितलं की ताम्हाण्यांना त्यात आपला आवाज ऐकू आला. तिसऱ्या रविवारी नळी माळ्यावर गेली.

काठ्या मंडळाच्या खोलीत पडून होत्या. इतक्या चांगल्या, गुळगुळीत, एका मापाच्या काठ्या फुकट कशाला घालवायच्या, म्हणून पाडव्याच्या शोभायात्रेसाठी रजतने दोरे आणि मोरपिसांचे देठ कापून टाकले आणि प्रत्येक काठीला एकेक भगवी पताका लावली. ताम्हाणे राजवाड्याजवळच्या गर्दीत उभे राहून यात्रा बघत होते. साठेक मुलं ओळीने आली. कुणी काठ्या खांद्यावर टाकल्या होत्या, कुणी तरवारीसारख्या धरल्या होत्या, कुणी झाडूसारख्या. ओळीच्या शेवटी तन्वी होती, नऊवारी नेसलेली, आणि तिच्या मुठीजवळ पितळेची चकती होती. अंगठा वर, कोपर पोटाशी, मनगट मोकळं. शिकवलेलं काहीही विसरली नव्हती ती.

ताम्हाणे गर्दी सारून पुढे झाले. वर्षभर तोंडात अडकलेलं आज बोलून टाकावं असं त्यांना वाटलं. ढोल वाजत होते, कुणाला ऐकूही गेलं नसतं.

"तन्वी, तो मासा तुझा होता," ते म्हणाले.

"काय?" तिने ओरडून विचारलं आणि कानाला हात लावला.

शेजारून दोन ओळखीच्या बायका हसून नमस्कार करत गेल्या. ताम्हाण्यांनी त्यांना नमस्कार केला.

"काही नाही," ते म्हणाले. "पताका नीट धर."

तिने पताका नीट धरली आणि पुढे गेली.